नेपोलियनची शाळा

नेपोलियन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? तिरकी टोपी, जाकिटात खुपसलेला हात, पांढरा घोडा आणि शेवटी वॉटर्लू. होस्टेलच्या निम्म्या खोल्यांत चिकटवलेलं ते अशक्य या शब्दाबद्दलचं वाक्यही आठवतं. ते मी इथे देणार नाही. ते सगळ्यांना पाठ आहे आणि पाठ असूनही एम-थ्रीला कुणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही! मला सांगायचंय ते त्याच्या शाळेबद्दल.

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत निबंध लिहायची वेळ दहावीनंतर आजच येतेय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. (नेपोलियनचंही स्पेलिंग आयुष्यभर कच्चं होतं, हा एक दिलासा.)

हा विषय डोक्यात आला तो माझ्या आत्येभावामुळे. आम्ही दोघं एकाच वयाचे. २०१६ साली आम्ही पाचवीत होतो, तेव्हा त्याने लष्करी शिस्तीच्या एका निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली. अभ्यास आम्ही दोघांनी एकत्र केला होता. गणितात मी त्याच्या पुढे होते. पण फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कळलं की तिथे मुलींना प्रवेशच नाही. तो गेला, मी राहिले. सुट्टीत तो यायचा तेव्हा त्याचे चकचकीत बूट, ताठ पाठ, पहाटे पाचला गजराशिवाय उठणं बघून मला हेवा वाटायचा. बारावीनंतर त्याने एनडीएची लेखी परीक्षा पास केली, पण मुलाखतीच्या टप्प्यावर दोनदा बाहेर पडला. आज तो बी.एस्सी. करतोय. पाठ अजूनही ताठ आहे. पण सात वर्षं ज्या एका दरवाजासमोर उभं राहायला शिकलो, तो बंद झाल्यावर कुठे वळायचं, हे त्याला अजून नीट सापडलेलं नाही.

अशा शाळा मुलांना घडवतात की एकाच साच्यात घालतात? याचं उत्तर शोधताना मी जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध लष्करी विद्यार्थ्याचं आयुष्य वाचायला घेतलं.

नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ चा. तारीख आपल्या ओळखीची, पण त्याच्या बेटासाठी तो स्वातंत्र्याचा काळ नव्हता, उलट पारतंत्र्याची सुरुवात होती. कॉर्सिका हे भूमध्य समुद्रातलं बेट जिनोआ या इटालियन राज्याने १७६८ मध्ये फ्रान्सच्या हवाली केलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच फौजांनी तिथल्या लोकांचा पराभव केला. नेपोलियनचे वडील कार्लो बुओनापार्ते हे वकील. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पास्क्वाले पाओलीच्या बाजूने ते होते. पराभवानंतर मात्र त्यांनी वारा ओळखला आणि नव्या राज्यकर्त्यांशी जुळवून घेतलं. घरात पैसा बेताचा, मुलं मात्र पुढे आठ जगली. या मुलांचं शिक्षण करायचं कसं, हा त्या घरातला खरा प्रश्न होता. आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरासारखाच!

त्याच सुमाराला, १७७६ साली, फ्रान्सच्या राजाने प्रांतोप्रांती बारा लष्करी शाळा सुरू केल्या होत्या. गरीब उमराव घराण्यांतल्या मुलांना तिथे राजाच्या खर्चाने शिकायला मिळे. अट एकच, आणि ती भयंकर होती. चार पिढ्यांचं उमराव असणं कागदोपत्री सिद्ध करायचं. म्हणजे जातीचा दाखलाच म्हणा ना. कार्लोने कागदपत्रं जमवली, फ्रेंच गव्हर्नर मार्बफने वजन टाकलं आणि नेपोलियनला स्कॉलरशिप मिळाली.

डिसेंबर १७७८ मध्ये नऊ वर्षांचा नेपोलियन मोठा भाऊ जोसेफबरोबर घर सोडून निघाला. त्याला फ्रेंच येत नव्हतं. घरची भाषा कॉर्सिकन, म्हणजे इटालियनच्या जवळची. म्हणून आधी ओतं या गावी काही महिने फक्त फ्रेंच शिकवलं गेलं. मे १७७९ मध्ये तो ब्रिएनच्या लष्करी शाळेत दाखल झाला. जोसेफ ओतंलाच राहिला, कारण घरच्यांनी त्याला पाद्री करायचं ठरवलं होतं. थोरला चर्चमध्ये, धाकटा फौजेत. मुलांना कुणी काही विचारलं नव्हतं.

गंमत म्हणजे ही लष्करी शाळा चालवत होते संन्यासी, मिनिम पंथाचे पाद्री. म्हणजे एका अर्थी नेपोलियनही कॉन्व्हेंटचाच विद्यार्थी! शाळेत शंभराच्या थोडी वर मुलं. प्रत्येकाला झोपायला एक छोटी खोली, तीत बिछाना, पाण्याचा तांब्या आणि तसराळं. रात्री खोलीला बाहेरून कडी. सगळ्यात कडक नियम होता तो सुट्टीचा. घरी जायचंच नाही. वर्ष, दोन वर्षं नाही, तर शाळा संपेपर्यंत.

नेपोलियन तिथे साडेपाच वर्षं होता. मुलं त्याच्या उच्चारांना हसायची, त्याच्या नावाची मोडतोड करून चिडवायची. पैसेवाल्यांची मुलं एका बाजूला आणि हा राजाच्या पैशावर शिकणारा, जिंकलेल्या बेटावरचा पोरगा दुसऱ्या बाजूला. तो एकटा पडला. मग त्याने दोन गोष्टींचा आसरा घेतला, पुस्तकं आणि गणित. लॅटिन त्याला कधी जमलं नाही. इतिहास-भूगोलात मात्र तो रमला आणि गणितात तर शिक्षकांच्या नजरेत भरला. बर्फाचे किल्ले बांधून त्याने मुलांची लुटुपुटुची लढाई लावली, अशी एक गोष्ट त्याचा वर्गमित्र बूरिएनने पुढे आठवणींत लिहिली आहे. हा बूरिएन नंतर त्याचा सेक्रेटरी झाला. लोक मोठे झाले की त्यांच्या बालपणीच्या गोष्टीही मोठ्या होतात, तेव्हा थोडं जपूनच विश्वास ठेवायचा.

मला त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त बोलकी वाटली. १७८४ साली जोसेफला पाद्री व्हायचा कंटाळा आला आणि त्याने फौजेत जायचं मनात घेतलं. तेव्हा चौदा वर्षांच्या नेपोलियनने घरच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकाला लांबलचक पत्र लिहिलं. मोठा भाऊ सैनिक व्हायला कसा लायक नाही, त्याची प्रकृती, त्याचा स्वभाव, त्याची हिंमत यांत काय कमी आहे, हे त्याने मुद्दे मांडून सांगितलं. एखाद्या सिलेक्शन बोर्डाने रिपोर्ट लिहावा तसं! पाच वर्षांत शाळेने त्याला हे शिकवलं होतं. माणूस म्हणजे भाऊ नव्हे, माणूस म्हणजे लायक किंवा नालायक. (जोसेफ शेवटी वकिली शिकला. पुढे याच धाकट्या भावाने त्याला आधी नेपल्सचा आणि मग स्पेनचा राजा केलं. राजा म्हणून तो खरंच फारसा जमला नाही, हा भाग वेगळा.)

नेपोलियनला स्वतःला जायचं होतं नौदलात. १७८३ मध्ये शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने तशी शिफारसही केली होती. पण नंतर माणसं बदलली, योजना बारगळली आणि तो तोफखान्याकडे वळला. आपल्याकडे कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून मेकॅनिकल घेतो ना, अगदी तसंच. जगाचा इतिहास एका ब्रँच-चेंजने बदलला असं म्हणायला हरकत नाही.

ऑक्टोबर १७८४ मध्ये तो पॅरिसच्या एकोल मिलितेरमध्ये गेला. ब्रिएनच्या मानाने इथे थाटच होता, जेवणखाण, नोकरचाकर, घोडे, सगळं काही. पण चारच महिन्यांत, फेब्रुवारी १७८५ मध्ये, वडील वारले. वय अवघं ३८, पोटाचा आजार. घरी आई आणि लहान भावंडं. आता कमावणं भागच होतं. तोफखान्याच्या परीक्षेचा अभ्यास पुरा करायला इतरांना दोन-तीन वर्षं लागत. नेपोलियनने एका वर्षात बेझूच्या गणिताच्या पुस्तकांचा फडशा पाडला आणि सप्टेंबर १७८५ मध्ये परीक्षेला बसला. परीक्षक कोण होता माहीत आहे? लाप्लास! होय, तोच, ज्याच्या ट्रान्सफॉर्मने आपल्या झोपा उडवल्या आहेत. नेपोलियनची व्हायव्हा घ्यायला साक्षात लाप्लास.

निकाल लागला. सगळ्या फ्रान्समधून पास झालेल्या ५८ जणांत नेपोलियनचा नंबर ४२वा. मित्रांनो, पुन्हा वाचा. बेचाळिसावा! टॉपर वगैरे काही नाही. त्याच्या बरोबर एक नंबर वर, ४१वा, होता त्याचा वर्गातला कट्टर वैरी फेलिपो. दोघं शेजारी बसत आणि बाकाखालून एकमेकांना लाथा मारत, असं सांगतात. या फेलिपोची आठवण ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

सोळाव्या वर्षी नेपोलियन तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट झाला आणि व्हालान्स या गावी रुजू झाला. तिथून सप्टेंबर १७८६ मध्ये तो पहिल्यांदा घरी गेला. घर सोडून जवळजवळ आठ वर्षं झाली होती. पोलिन, कॅरोलाइन आणि जेरोम ही धाकटी भावंडं त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिली. स्वतःच्या घरात तो पाहुणा होता.

आता इथे थोडं थांबून त्याच काळातल्या आणखी दोन मुलांची गोष्ट सांगायलाच हवी. त्याशिवाय ही गोष्ट अर्धवट राहते.

ब्रिएनसारखीच एक राजाची लष्करी शाळा ओसेर या गावात होती. तिथे जोसेफ फूरिए नावाचा मुलगा शिकत होता. जन्म १७६८ चा, म्हणजे नेपोलियनपेक्षा एका वर्षाने मोठा. शिंप्याचा मुलगा, लहानपणीच आईवडील गेलेले. गणितात विलक्षण. त्यालाही तोफखान्यात जायचं होतं. पण तो उमराव घराण्यातला नव्हता, म्हणून त्याला परीक्षेला बसायलाच परवानगी मिळाली नाही. तीच शाळा, तीच शिस्त, गणितात बेचाळिसाव्यापेक्षा कितीतरी हुशार, पण दाखला नाही! दुसरा गास्पार मोंज. व्यापाऱ्याचा मुलगा. मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत त्याला अधिकाऱ्यांच्या वर्गात जागा नव्हती, त्याने नकाशे काढायच्या कामावर सुरुवात केली. तिथेच किल्ल्यांची आखणी करताना त्याने डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री शोधून काढली. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर आपण फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू काढून रडलो, त्याचं मूळ हे. ती पद्धत इतकी उपयोगाची होती की कित्येक वर्षं ते लष्करी गुपित होतं.

म्हणजे बघा, शाळेची शिस्त तिघांनाही मिळाली. पण कुणाचा रस्ता कुठे जाणार, हे शिस्तीने ठरवलं नाही, दाखल्याने ठरवलं.

मग १७८९ साली राज्यक्रांती झाली आणि सगळा हिशेबच उलटला. उमराव अधिकारी देश सोडून पळाले. फौजेत जागा मोकळ्या झाल्या आणि आता दाखला नाही, काम बघितलं जाऊ लागलं. मधल्या वर्षांत नेपोलियन काय करत होता? ओसोनच्या तोफखाना शाळेत प्रयोग करत होता, मिळेल ते वाचून वह्यांच्या वह्या भरत होता आणि तुटपुंज्या पगारात धाकटा भाऊ लुई याला जवळ ठेवून स्वतः गणित शिकवत होता. १७९३ मध्ये तूलाँ बंदराच्या वेढ्यात तोफा कुठे ठेवल्या की इंग्रजांची जहाजं निघून जातील, हे त्याने नकाशावर बोट ठेवून दाखवलं. बंदर पडलं. २४व्या वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला. शाळेतलं गणित कामाला आलं, हे खरंच. पण जुनं राज्य टिकलं असतं तर तोच मुलगा त्याच गणितासह फार तर कॅप्टन म्हणून रिटायर झाला असता, हेही तितकंच खरं.

१७९६-९७ ची इटलीची मोहीम सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर डिसेंबर १७९७ मध्ये फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेने त्याला मेकॅनिक्स विभागात सभासद करून घेतलं. याचा त्याला फार अभिमान होता. १७९८ मध्ये तो इजिप्तवर गेला तेव्हा फौजेबरोबर दीडशेच्या वर शास्त्रज्ञ, इंजिनिअर आणि चित्रकार घेऊन गेला. त्यात मोंज होता आणि फूरिएही होता. ज्यांना राजाच्या फौजेने दारात उभं केलं नव्हतं, ते आता फौजेबरोबर मानाने चालले होते. तिथून पुढे १७९९ मध्ये अक्को या किल्ल्याला त्याने वेढा घातला, पण किल्ला पडेना. आत इंग्रजांच्या बाजूने तटबंदी आणि तोफा सांभाळत होता... फेलिपो! क्रांतीनंतर तो राजाच्या बाजूने राहिला आणि शत्रूला जाऊन मिळाला होता. एकाच वर्गातले ४१ आणि ४२ नंबर एकमेकांवर तोफा डागत होते. फेलिपो त्या वेढ्यातच आजाराने वारला, पण नेपोलियनला माघार घ्यावी लागली.

आणखी एक योगायोग. नेपोलियन शाळेतून बाहेर पडल्यावर वर्षभरातच, १७८६ मध्ये, फ्रान्समधल्याच आंजे गावच्या एका लष्करी अकादमीत एक आयरिश मुलगा घोडदौड आणि फ्रेंच शिकायला आला. आर्थर वेलस्ली. हाच पुढे आपल्याकडे आला आणि २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यात असईच्या लढाईत त्याने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला हरवलं. आणि हाच वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. फ्रान्सच्या शाळांनी नेपोलियन दिला आणि त्याला हरवणाऱ्यालाही थोडंफार शिकवलं!

१७९९ मध्ये नेपोलियनने सत्ता हातात घेतली. पहिल्या झटक्यात आपला जुना परीक्षक लाप्लास याला गृहमंत्री केलं आणि सहा आठवड्यांत काढूनही टाकलं. गणित आणि कारभार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोघांनाही कळलं असावं.

आता मुद्द्याकडे येते. देश हातात आल्यावर या माजी विद्यार्थ्याने शाळांचं काय केलं? १ मे १८०२ च्या कायद्याने त्याने लिसे नावाच्या सरकारी हायस्कुलांची योजना आणली. ६,४०० स्कॉलरशिपा ठेवल्या. त्यांतल्या काही सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी आणि बाकीच्या परीक्षेतून निवडलेल्यांसाठी. चार पिढ्यांच्या दाखल्याची अट गेली. हे त्याचं मोठं काम. फूरिएसारख्या मुलाला आता दारात अडवणार नव्हते.

पण शाळेच्या आत काय होतं? युनिफॉर्म. कंपन्या, आणि विद्यार्थ्यांतूनच सार्जंट आणि कॉर्पोरल. घंटेऐवजी ढोल. उठायला ढोल, वर्गात जायला ढोल, जेवायला ढोल. बारा वर्षांपासून कवायत. अभ्यासात मुख्य लॅटिन आणि गणित. ज्या ब्रिएनमध्ये तो एकटेपणाने होरपळला, तिच्यापेक्षाही जास्त लष्करी शाळा त्याने साऱ्या देशाला दिली. सासूने छळलेल्या सुनेने सासू झाल्यावर तेच करावं तसं. कित्येक सुखवस्तू आईबापांना ही बराक आवडली नाही, त्यांनी मुलांना खासगी किंवा चर्चच्या शाळांत घातलं.

आपल्या क्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली १८०४ मध्ये. क्रांतीच्या काळात, १७९४ साली सुरू झालेलं एकोल पॉलिटेक्निक हे जगातलं एक उत्तम इंजिनिअरिंग कॉलेज होतं. मोंजने ते उभारायला मदत केली होती. नेपोलियनने त्याला लष्करी रूप दिलं. पोरं बराकीत राहू लागली, फी लागू झाली. तरी तिथून बाहेर पडलेल्यांची नावं बघा. नाविए, फ्रेनेल, कोशी, कोरिओलिस. आपल्या सिलॅबसची अनुक्रमणिकाच! यांचं लष्करी शिस्तीने भलं झालं की शिस्त असूनही झालं, हे सांगणं कठीण आहे. मला वाटतं, त्यांचं भलं केलं ते शिकवणाऱ्यांनी. कवायत कुणीही घेऊ शकतं, मोंजसारखा मास्तर सगळीकडे मिळत नाही.

आणि या रस्त्याची किंमतही होती. पॉलिटेक्निकचा पोंसले इंजिनिअर अधिकारी म्हणून १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत गेला. माघारीच्या वेळी पकडला गेला. सारातोव्हच्या कैदेत पुस्तकं नव्हती, म्हणून मोंजकडून शिकलेली भूमिती आठवून आठवून त्याने प्रोजेक्टिव्ह जॉमेट्रीचा पाया घातला. तो जगला म्हणून आपल्याला त्याचं नाव माहीत. त्या मोहिमेतून लाखो मुलं परत आलीच नाहीत. त्यांच्यात आणखी किती पोंसले होते, कोण मोजणार? ३० मार्च १८१४ ला शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला तेव्हा पॉलिटेक्निकचे विद्यार्थी तोफांवर उभे राहिले. त्या दिवसांत लढलेल्यांत १७ वर्षांचा सादी कार्नो होता. दहा वर्षांनी, १८२४ मध्ये, त्याने इंजिनवरचं ते पुस्तक लिहिलं ज्यावर आपलं सगळं थर्मोडायनॅमिक्स उभं आहे. त्या दिवशी एखादा गोळा इकडेतिकडे पडला असता तर?

मुलींचं काय? हा प्रश्न मला पडणारच. नेपोलियनची बहीण एलिझा लहानपणी सँ-सीरच्या शाळेत होती. गरीब उमरावांच्या मुलींसाठी राजाने चालवलेली ती चांगली शाळा होती. क्रांतीत ती बंद पडली तेव्हा १७९२ मध्ये नेपोलियन स्वतः जाऊन बहिणीला घरी घेऊन आला. पुढे १८०८ मध्ये त्याच इमारतीत त्याने मुलांची लष्करी अकादमी आणली. लिसे मुलांसाठी, पॉलिटेक्निक मुलांसाठी. सोफी जेर्मँ नावाची मुलगी तर पॉलिटेक्निकच्या नोट्स मिळवून घरी गणित करायची आणि मुलाच्या नावाने उत्तरं पाठवायची. पॉलिटेक्निकचं दार मुलींना उघडलं १९७२ साली. एलिझा मात्र पुढे लुक्का आणि टस्कनीचा कारभार बघू लागली आणि तो जोसेफपेक्षा चांगलाच बघितला.

आता शेवट. २९ जानेवारी १८१४. शत्रूच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या होत्या आणि नेपोलियन हातात असतील तेवढी कोवळी पोरं घेऊन लढत होता. त्या दिवशीची लढाई झाली ती नेमकी ब्रिएनला! ज्या गावात त्याने नवव्या वर्षी बोचकं ठेवलं होतं, त्याच गावावर त्याला हल्ला करावा लागला. शाळा तर क्रांतीतच बंद झाली होती, आता गावही जळालं. लढाई त्याने जिंकली, पण तीनच दिवसांनी जवळच्या ला रोतिएरला हरला. एप्रिलमध्ये गादी गेली. एल्बा, तिथून परत, १८ जून १८१५ ला वॉटर्लू, आणि मग सेंट हेलेना. ५ मे १८२१ ला तो वारला तेव्हा ५१ वर्षांचा होता. मृत्युपत्रात त्याने ब्रिएन गावासाठी दहा लाख फ्रँक ठेवले होते. जिथे चिडवलं, कोंडलं, घरी जाऊ दिलं नाही, त्या गावासाठी! ते प्रेम होतं, की जाळल्याची भरपाई होती, मला ठरवता आलं नाही.

त्याच्यामागून सत्तेवर आलेल्यांनी लिसेतले ढोल काढून पुन्हा घंटा बसवल्या. स्कॉलरशिपा, परीक्षा आणि पॉलिटेक्निक मात्र राहिलं. मला वाटतं, काळाने बरोबर निवड केली.

तर मित्रांनो, माझ्या आत्येभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. बेचाळिसाव्या नंबरची गोष्ट त्याला आवडली. नौदल हुकल्याची त्याहून जास्त आवडली. त्याच्या शाळेने त्याला एक दरवाजा दाखवला, पण पहाटे पाचला उठणं, पडलं तरी परत उभं राहणं हे त्या दरवाजाच्या मालकीचं नाही, त्याचं स्वतःचं आहे. हे मला त्याला सांगायचं होतं. नीट सांगता आलं की नाही, माहीत नाही.

आणि एक बातमी. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली दाखल होऊ लागल्या. आत्याची धाकटी मुलगी पाचवीत आहे. दादाच्या त्याच शाळेत आता मुलींनाही घेतात आणि तिला तिथे जायचंय. घरात दोन तट पडलेत. दादा गप्प आहे. मला मात्र दर रविवारी तिचा फोन येतो, अपूर्णांक शिकव म्हणून. मी शिकवते. फक्त एक अट घातली आहे. गणित त्या परीक्षेसाठी करायचं नाही, गणितासाठी करायचं. मग ढोल वाजो की घंटा, शाळेचं दार उघडो की बंद राहो, ते तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही.